रक्ताच्या नात्यातलं कुणीतरी

हॉटेलातली खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि तिच्यात पलंग एकच होता. सपनानं दार उघडून आत पाहिलं आणि ती दारातच थबकली. मागे तिचे सासरे, हिंगोलीकडच्या डोंगरकडा गावचे कोंडीबा पाईकराव, दोन्ही हातांत पिशव्या धरून उभे होते. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून त्यांच्या छातीचा भाता झाला होता. त्यांनी सुनेच्या खांद्यावरून आत नजर टाकली, पलंग पाहिला आणि पिशव्या खाली ठेवल्या.

"तू जा आत. मी हितंच बसतो," ते म्हणाले.

बाहेरच्या बोळकांडीत एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर ते जाऊन बसलेही. डोंगरकड्याहून जीपनं नांदेड, तिथून हैदराबाद, तिथून दोन विमानं बदलून अथेन्स आणि पुन्हा बसनं हे पिरियस बंदर, असा दीड दिवसाचा प्रवास झाला होता. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाच्या अंगात आता बसायचंही त्राण नव्हतं. जहाज कंपनीनं दोन माणसांची खोली घेतली होती. त्यांच्या लेखी दोन माणसं म्हणजे एक पलंग. सून आणि सासरा असतील, हे कुणाच्या डोक्यातही आलं नसेल.

"मामा, असं कसं जमंल? किती दिवस राहावं लागंल त्याचा पत्ता न्हाई."

"जमतंय. मी डांबराच्या पिपाला टेकून झोपलेला माणूस हाय."

ते खरंही होतं. कोंडीबांची सगळी नोकरी मैलकुली म्हणून रस्त्यावर गेली होती. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, मैलाच्या दगडांना चुना लावायचा. पण इथं बाहेर बसून ते आजारी पडले असते तर सपनानं कुणाकडे पाहायचं होतं?

तेवढ्यात जिन्यावरून टॉवेलांचा गठ्ठा घेऊन एक माणूस वर आला. पन्नाशीचा, डोक्याला पगडी, दाढीत पांढरे केस. खुर्चीवरच्या म्हाताऱ्याकडे आणि दारातल्या बाईकडे पाहून त्यानं हिंदीत विचारलं, "कहाँ से आये हो जी?"

सपनाला हिंगोली सांगून उपयोग नाही हे ठाऊक होतं. ती म्हणाली, "नांदेड के पास से."

त्या माणसानं टॉवेल काखेत धरले आणि हात कपाळाला लावला. "नांदेड? हजूर साहिब वाला नांदेड?"

त्याचं नाव धर्मसिंग. होशियारपूरचा. वीस वर्षांपूर्वी या देशात आला आणि आता या हॉटेलात चादरी बदलण्यापासून काउंटरवर बसण्यापर्यंत पडेल ते करत होता. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात त्याची आई एकदा जाऊन आली होती, त्याला मात्र जमलं नव्हतं. खोलीची अडचण त्याला सांगावी लागली नाही. तो खाली गेला, एक दोरी, एक मोठी चादर आणि घडीची खाट घेऊन आला. पडद्याच्या दांडीपासून कपाटाच्या खिळ्यापर्यंत दोरी ताणून त्यानं खोलीचे दोन भाग केले. खिडकीकडचा भाग सपनाचा, दाराकडचा कोंडीबांचा.

"अब ये दो कमरे हो गये," तो म्हणाला.

कोंडीबांनी चादर नीट ओढून पाहिली, कुठं फट राहते का ते बघितलं, आणि मगच आत आले.

*

प्रमोद, कोंडीबांचा एकुलता मुलगा आणि सपनाचा नवरा, मालवाहू जहाजावर इंजिनाला तेल घालायच्या कामावर होता. हिंगोलीला आयटीआय केलेलं, पुढं मुंबईकडे जाऊन कोर्स केलेला. जहाजावरची ही त्याची तिसरी फेरी. जानेवारीच्या अठरा तारखेला पहाटे जहाज पिरियसच्या बाहेर नांगर टाकून उभं होतं. प्रमोदची पाळी संपली, पण तो आपल्या खोलीत पोचलाच नाही. दोन दिवस शोधलं आणि मग जहाज पुढच्या बंदराला निघून गेलं. पाच आठवड्यांनी मच्छीमारांना एका बेटाजवळ एक प्रेत सापडलं.

एवढे दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाचा चेहरा राहत नाही, बोटांचे ठसेही राहत नाहीत, असं कंपनीच्या बाईनं फोनवर सांगितलं होतं. अंगावरचा बनियन आणि निळी पँट हजार माणसांची असू शकते. म्हणून डीएनए. कागद आला त्यात लिहिलं होतं, की रक्ताच्या नात्यातलं कुणीतरी लागेल, आई, वडील किंवा मूल. सपना कळमनुरीला सेतू केंद्रात फॉर्म भरायचं काम करायची, घरात इंग्रजी वाचणारी तीच. तिनं तो कागद सासूसासऱ्यांना मराठीत वाचून दाखवला, तेव्हा सासू पद्माबाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. सपनाला वाटलं, आईचं काळीज.

मुलगी पल्लवी सहा वर्षांची, तिला कशाला त्यात ओढा. पद्माबाईंच्या गुडघ्यांना ओटा उतरवत नव्हता. सपनाचा भाऊ हट्टा गावाहून आला होता. तो म्हणाला, नांदेडला कापसाच्या काडीवर गालातला नमुना देऊन पाठवता येतो, वेळ लागेल पण येतो. कोंडीबा ऐकायलाच तयार नव्हते.

"मी जाणार. मी सोता पाहणार. लेकराला बापानं वळखायला काडी-कापूस लागत न्हाई," ते म्हणाले.

सपनाला तेव्हा त्यात वावगं काही दिसलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी कंपनीची एजंट बाई त्यांना बंदर पोलिसांच्या कचेरीत घेऊन गेली. पांढऱ्या शर्टातला एक अधिकारी होता, चाळिशीचा, थकलेला, तोडकं इंग्रजी बोलणारा. माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

कोंडीबा सपनाला म्हणाले, "त्यांना सांग, आधी मला दाखवा. त्याचा उजवा पाय मी वळखतो. लहानपणी फावडं पडलेलं हाय."

सपनानं सांगितलं. अधिकाऱ्यानं मान हलवली. पाहण्यासारखं काही राहिलेलं नाही, पायही नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला. तिनं त्यातलं अर्धंच मराठीत केलं, "परवानगी न्हाई म्हणतेत."

"मी बाप हाय म्हणावं."

"सांगितलं मामा."

मग हातमोजे घातलेली एक मुलगी कापसाची काडी घेऊन आली आणि तिनं तोंड उघडायची खूण केली. कोंडीबांनी तोंड उघडलं नाही. सपना समजावत होती, की दुखत नाही, गालाच्या आतून नुसतं फिरवायचं असतं. ते मांडीवरच्या टोपीकडे पाहत बसले होते. मुलगी काडी धरून तशीच उभी. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

सपनाला वाटलं, घाबरलेत.

नऊ दिवस लागतील, असं अधिकारी म्हणाला.

*

त्या नऊ दिवसांत काही घडलं नाही, आणि तेच फार जड होतं. खोलीच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची आणि भिंतीच्या कडेनं हातभर समुद्र. बेटांकडे जाणाऱ्या मोठ्या बोटी दिवसभर भोंगे वाजवायच्या. सगळ्या हॉटेलाला डिझेलचा, तळलेल्या मासळीचा आणि जुन्या सिगारेटींचा वास होता, तो चादरींनाही लागलेला. राहणारे सगळे वाटसरू. एक रात्र राहून सकाळच्या बोटीनं जाणारे. चार दिवसांहून जास्त राहणारे हे दोघंच.

सकाळचं खाणं हॉटेलकडून होतं, खाली तळघरात. पाव, उकडलेलं अंडं आणि जांभळासारखी दिसणारी काळी फळं. कोंडीबांनी पहिल्या दिवशी एक तोंडात टाकलं आणि खारट लागलं म्हणून रुमालात काढून ठेवलं. नंतर ते खाली यायचेच बंद झाले. सपना पाव वर घेऊन यायची आणि घरच्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ते खायचे. न्हाणीघरात तांब्या नव्हता, धर्मसिंगनं पाण्याची मोठी बाटली कापून दिली. एक दिवसाआड त्याच्या घरून स्टीलच्या डब्यात डाळभात यायचा.

"नको तकलीफ घ्यायला सांग त्यांना," कोंडीबा म्हणायचे, पण डाळ तेवढी खायचे.

चादरीअल्याड सपना पडून राहायची आणि पल्याडच्या हालचाली ऐकायची. खाट करकरायची. पाण्याचा घोट. सकाळी ते हळू आवाजात वंदना म्हणायचे आणि मधेच विसरून परत पहिल्यापासून सुरू करायचे. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण सासऱ्याशी ती कधी इतकं बोलली नव्हती जितकं इथं न बोलता कळत होतं. माणूस झोपत नव्हता. आणि नुसतं दुःख नव्हतं ते. दुःखाला ती ओळखत होती, तिच्याजवळ तेच होतं. याच्यात काहीतरी बेचैनी होती, कुणीतरी येऊन दार वाजवेल याची धास्ती असावी तशी.

एकदा त्यांनी चादरीपलीकडून विचारलं, "सपना, ते तपासतेत त्यात चुकत न्हाई का कधी?"

"न्हाई मामा. बराबर येतंय."

"शंभर टक्के?"

"व्हय. त्याला चुकायला जागाच न्हाई."

खाट करकरली.

*

नवव्या दिवशी दुपारी कचेरीतून बोलावणं आलं. अधिकाऱ्यानं दोन पानांचा कागद समोर ठेवला आणि सपनाकडे पाहून म्हणाला, "तो तुमचा माणूस नाही. या गृहस्थांचं आणि मृताचं काही नातं नाही."

सपनाला कळायला वेळ लागला. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं आणि कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं. मग तो हेही म्हणाला, की हे प्रेत आता बेवारस धरलं जाईल आणि येत्या बुधवारी नगरपालिकेच्या दफनभूमीत पुरलं जाईल. त्या वाक्याकडे सपनाचं लक्षच नव्हतं. ती कोंडीबांकडे वळली होती.

"मामा, ते न्हाईत. ते ह्यांचं न्हाईच. दुसऱ्याच कुणाचं हाय."

कोंडीबांनी तिच्याकडे पाहिलं. हातातली टोपी त्यांनी डोक्यावर घातली, परत काढली.

"बुधवारचं काय म्हनला त्यो?"

"त्या माणसाला पुरणार हायेत. कुणाचा कोण बिचारा."

दारातून बाहेर पडल्यापडल्या तिनं घरी फोन लावला. कोंडीबा म्हणाले, "थांब पोरी, आताच नको," पण ती थांबली नाही. तिनं सासूला सांगितलं, की ते प्रेत ह्यांचं नाही, डीएनए जुळला नाही, आता आपण शोधायचं. पलीकडून पद्माबाईंचा आवाजच आला नाही. सपना म्हणाली, "आत्याबाई, ऐकू येऊन राहिलंय का?" तेव्हा फक्त "व्हय" आलं आणि फोन पल्लवीकडे गेला. पल्लवीनं विचारलं, बाबा कधी येणार. सपना म्हणाली, "शोधून आणते."

त्या संध्याकाळी इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती समुद्रापर्यंत चालत गेली. येताना तिनं संत्री घेतली, धर्मसिंगसाठी गोड पाव घेतला. तिचं डोकं भराभर चालत होतं. प्रमोदला पोहता येत होतं, ईसापूरच्या धरणावर तो लहानपणापासून जायचा. एखाद्या बोटीनं उचललं असेल. एखाद्या बेटावर दवाखान्यात असेल, डोक्याला मार लागून नाव सांगता येत नसेल. कागद नाहीत म्हणून कुठंतरी कोंडून ठेवलं असेल. धर्मसिंग म्हणाला, असं झालेली माणसं त्यानं पाहिली आहेत. त्यानं काउंटरवरच्या यंत्रावर प्रमोदच्या फोटोच्या चाळीस प्रती काढल्या, खाली ग्रीकमध्ये आणि पंजाबीत लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून ते कागद धक्क्यावरच्या खांबांवर, तिकिटाच्या खिडक्यांजवळ, हिंदुस्थानी किराण्याच्या दुकानात आणि दोन चर्चच्या दारांवर चिकटवले. सपना बोलत होती, हसतही होती. ती हसते तेव्हा गालाला खळी पडते, हे धर्मसिंगला त्या दिवशी दिसलं असेल.

ती दुपारी परतली तेव्हा कोंडीबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. सकाळचा पाव तसाच होता. संत्रंही सोललेलं नव्हतं.

"मामा, खाल्लं काहून न्हाई? आता तर खायला पायजे. उद्या बेटावर जायचंय, धर्मसिंगनं बोटीचं इचारलंय."

"तू तिकडं बस," ते म्हणाले. "चादरीपल्याड. मला बोलायचंय. तोंडाकडं बघून न्हाई बोलता येणार."

ती पलीकडे गेली आणि पलंगाच्या कडेला टेकली. खिडकी उघडी होती. खाली कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत होती. ती थांबेपर्यंत कोंडीबा बोलले नाहीत.

"प्रमोद माझा न्हाई," ते म्हणाले. "म्हंजे माझाच हाय. पर रक्ताचा न्हाई. पद्माच्या बी रक्ताचा न्हाई."

सपनानं चादरीकडे पाहिलं.

"गोरेगाव-सेनगाव रस्त्याचं काम चालू व्हतं. आमी दोघं कामावरच पाल टाकून ऱ्हायचो. पद्माला तिथंच पोरगं झालं, मेलेलं झालं. गावात कुणाला कळवलं न्हाई, म्हनलं जाऊ तव्हा सांगू. मग आठ-नऊ दिवसांनी ट्रकातून आलेल्या मजुरात एक बाई व्हती, ती बाळंत झाली. तिच्यासंगं बाप्या न्हवता. तेलंगी बोलायची, गाव कोणतं ते मुकादमाला बी माहीत न्हवतं. सकाळपर्यंत ती गेली. लेकरू जित्तं. पद्माला दूध व्हतं." खाट करकरली. "दुसरं काय करनार व्हतो आमी?"

"आन् मग?"

"वरीसभरानं गावाकडं आलो तव्हा कडेवर पोरगं व्हतं. कुणी इचारलंच न्हाई. काहून इचारतील? जलमाच्या दाखल्यावर माझं नाव, शाळेत माझं नाव. मला बी ध्यानात ऱ्हायलं न्हवतं, खरं सांगतो. तू तो कागद वाचला तव्हा ध्यानात आलं."

"मग तव्हाच काहून न्हाई बोललात?" तिचा आवाज चढला नाही, पण बदलला. "नांदेडात बोलायचं. इमानात बोलायचं."

"मला वाटलं, सोता पाहीन. पाय पाहीन आन् सांगीन, ह्योच हाय म्हणून. बापानं सांगितल्यावर कशाला तपासतील? मला काय ठावं, ते दाखवनारच न्हाईत."

"आन् काल? काल मी आत्याबाईंना फोन केला. पल्लवीला सांगितलं. चाळीस कागद लावून आले मी."

"तू हसून राहिली व्हतीस," कोंडीबा म्हणाले. "तीन महिन्यांत हसली न्हवतीस. मला जीभच उचलंना."

खालचा ट्रक निघून गेला. मग ते पुन्हा बोलू लागले, आणि आता आवाज फार लहान झाला होता. "न्हाई सांगितलं तरी चाललं असतं. गेलो असतो गावाकडं. तू वाट पाहिली असतीस. पर त्यो बुधवारचं बोलला. ती बाई, तिला आमी रस्त्याच्या कडेलाच पुरलं. नाव न्हाई, गाव न्हाई. वर दगड बी लावला न्हाई, कारण रस्ता तिथून रुंद व्हनार व्हता. आता तिच्या पोराला बी तसंच पुरतील म्हनल्यावर मला ऱ्हावलं न्हाई."

"त्यांना माहीत व्हतं? ह्यांना?"

"न्हाई. लग्नाच्या टायमाला सांगायचं ठरलं व्हतं. मग ऱ्हाऊनच गेलं."

सपना उठली. चादर बाजूला करून ती त्यांच्यासमोरून गेली, त्यांच्याकडे न पाहता, आणि जिना उतरून खाली आली. तिनं धर्मसिंगला काही समजावून सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की कागद काढायचे आहेत. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काउंटरच्या खणातून एक पातं काढून घेतलं. धक्क्यावरचे खांब, तिकिटाच्या खिडक्या, किराण्याचं दुकान. खळ अजून ओली होती, तरी काही कागद अर्धेच निघाले. एका खांबावर प्रमोदचं कपाळ आणि एक डोळा तेवढा राहिला. तो तिनं नखानं खरवडून काढला. समोर बोटीत चढायला लोकांची रांग लागली होती, ते बघत होते. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. सदतिसावा कागद निघाल्यावर ती धक्क्यावरच्या, बोटी बांधायच्या लोखंडी खुंट्यावर बसली. धर्मसिंग थोडा दूर, पाठ करून उभा राहिला.

*

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कचेरीत गेली. तिनं अधिकाऱ्याला सांगितलं, की प्रेत बुधवारी पुरू नका. माझी मुलगी आहे, तिचा नमुना घ्या.

"पण वडिलांचा जुळला नाही," तो म्हणाला.

"ते वडील आहेत, पण त्यांनी जन्म दिलेला नाही."

त्यानं लेखणी खाली ठेवली. मग कसलातरी फॉर्म काढून तो लिहू लागला. काडीपुढं तोंड न उघडणारा तो म्हातारा त्याला आठवला असावा. तो म्हणाला, की मी तीन महिने थांबवू शकतो, त्याहून जास्त माझ्या हातात नाही. सपनानं त्याचे आभार मानले. तीन महिने, नमुना कुठं द्यायचा, कुठल्या प्रयोगशाळेचा शिक्का चालतो, हे सगळं तिनं लिहून घेतलं. फॉर्मांचं काम तिचं होतंच.

खोलीवर येऊन तिनं सामान बांधलं. कोंडीबांनी चादर सोडून घडी घातली आणि दोरी गुंडाळून धर्मसिंगच्या हातात दिली. जाताना त्यांनी त्याला, नांदेडला याल तेव्हा आमच्याकडे उतरा, असं मराठीतच सांगितलं. धर्मसिंग "हाँ जी, हाँ जी" म्हणाला.

विमानात दोघं शेजारी बसले होते. हैदराबाद जवळ आलं तेव्हा सपना म्हणाली, "घरी मी सांगणार हाय, की पहिला नमुना खराब झाला. म्हणून लेकराचा घ्यावा लागंल. तुमी काही बोलू नका."

कोंडीबांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

*

नांदेडच्या प्रयोगशाळेत पल्लवीनं विचारलं, "हे कशाला?"

"बाबाला शोधायला," सपना म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

पोरीनं दातांच्या डॉक्टरपुढं उघडावं तसं मोठं तोंड उघडलं, आणि काडी काढून झाल्यावरही ते उघडंच ठेवलं, अजून हवं असेल तर म्हणून.

सात आठवड्यांनी ग्रीसमधून कागद आला. नातं जुळलं होतं. तो प्रमोदच होता. आषाढ लागला होता तेव्हा जस्ताची पेटी हैदराबादेत उतरली आणि तिथून गाडीनं डोंगरकड्याला आली. पेटी उघडू नये, असं वर चार भाषांत लिहिलेलं होतं. उघडली नाही, जाळता येत नव्हती म्हणून पुरली. गाव जमलं, भंतेजी आले, वंदना झाली. लोक सपनाला म्हणाले, आणलंस पोरी माघारी, एवढं कोण करतंय. कुणी विचारलंच तर, पहिला नमुना खराब झाला होता, हे उत्तर तयार होतं. सगळ्यांना ते पटलं. परदेशात असं होत असेल.

महिनाभरानं एका दुपारी सपना आणि पद्माबाई ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. पल्लवी शाळेत, कोंडीबा फाट्यावर गेलेले. पद्माबाईंनी सुपातून नजर न काढता विचारलं, "त्यायनं सांगितलं व्हय तुला?"

"व्हय."

"मला वाटलं न्हवतं, सांगतील म्हणून." सूप हललं, खडे एका बाजूला आले. "चार दिस त्यानं माझं दूध घेतलंच न्हाई. तोंड लावायचं आन् फिरवायचं, साखरपाण्याच्या बोटावर ऱ्हायलं. मला वाटलं, ह्ये बी जातंय आता. मग पाचव्या दिवशी पाऊस आला, पाल गळाया लागलं, त्याला थंडी वाजली आसंल, तव्हा असं घट्ट धरलं त्यानं मला. त्याला काय माहीत, कोण हाय ती..."

दारात कोंडीबांच्या चपला वाजल्या. पद्माबाईंनी उरलेली तूर पुढ्यात ओढली.